ऑनलाइन लिलावातली डमी बोली ओळखायची कशी आणि आपली बोली लावायची कशी

आपल्याकडे लिलाव म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. हर्णैला संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावर मासळीचे ढीग पडतात आणि बोली सुरू होते, तिथं कोण बोलतंय ते समोर दिसतं, तो कुठला, त्याला माल खरंच न्यायचाय की नुसता भाव चढवतोय हे आजूबाजूच्या सगळ्यांना माहीत असतं. ऑनलाइन लिलावात नेमकं हेच दिसत नाही. समोर असतो फक्त एक आकडा आणि तारे-फुल्या घातलेलं अर्धवट नाव. आणि आता आपली पोरं ऑनलाइन बरंच काही घ्यायला लागलीत, जुनी नाणी, होडीचं सेकंडहँड आउटबोर्ड इंजिन, आंब्याच्या पेट्या वाहायला फायनान्सवाल्यांनी ओढलेली पिकअप, काहीजण तर बँकेने जप्त केलेला गाळा किंवा फ्लॅट पण. त्यामुळे हे नीट लिहितोय, जरा मोठं झालंय पण पैसे टाकण्याआधी पूर्ण वाचा.

आधी सिस्टिम समजून घ्या कारण सगळी लबाडी तिच्यातच घुसते. ईबेसारख्या साइटवर तुम्ही जो आकडा टाकता तो लगेच बोली म्हणून दिसत नाही, तो तुमचा कमाल आकडा म्हणून गुप्त राहतो आणि साइट तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जाते. म्हणजे तुम्ही 4,000 टाकले आणि दुसऱ्याचा कमाल आकडा 1,100 असेल तर स्क्रीनवर भाव दिसेल 1,100 अधिक एक छोटा टप्पा, समजा 1,150. जिंकलात तर तेवढेच द्यायचे. म्हणजे तुम्ही किती देणार हे तुमच्या आकड्यावर ठरत नाही, दुसऱ्या नंबरच्या बोलीवर ठरतं. आता विचार करा, विकणाऱ्याला जास्त पैसे हवे असतील तर त्याला काय करावं लागेल? फक्त तो दुसरा नंबर वर ढकलायचा. बस. त्यासाठी दुसऱ्या ईमेलवर एक खातं पुरतं, नाहीतर मेव्हण्याचं, नाहीतर दुकानातल्या पोराचं. यालाच डमी बोली म्हणतात, इंग्रजीत शिल बिडिंग.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका उदाहरणावर बघू. समजा शिवराईंचा एक लॉट लागलाय, दहाबारा तांब्याची नाणी, दोन दिवस बाकी आहेत, भाव 1,150 आणि वर तुम्ही आहात, तुमचा गुप्त कमाल आकडा 4,000. रात्री अकराला एक नवीन खातं येतं, फीडबॅक 1 किंवा 2, म्हणजे आधीच्या व्यवहारांचे शेरे जेमतेम एक-दोन. ते 1,500 टाकतं, तुमची बोली आपोआप पुढे. लगेच 2,000, मग 2,500, 3,000, 3,500, सगळं तीन-चार मिनिटांत. खरा गिऱ्हाईक असं करत नाही, त्याला वस्तू हवी असेल तर तो आपला आकडा टाकतो आणि झोपतो, फार तर एकदा-दोनदा वाढवतो. हा माणूस मात्र अंधारात काठीने तळ चाचपतोय, तुमचा कमाल आकडा कुठं आहे ते शोधतोय. शेवटी तो 4,200 टाकतो आणि भाव 4,050 होऊन तो वर जातो, म्हणजे त्याला कळलं की तुमची मर्यादा 4,000 ला संपते. लगेच तो बोली मागे घेतो, कारण देतो की चुकून जास्त रक्कम पडली. भाव परत खाली येतो. तुम्हाला वाटतं चला वाचलो. थोड्या वेळाने तोच, किंवा त्याचंच दुसरं खातं, 3,950 टाकतं आणि गप्प बसतं. लिलाव संपतो, तुम्ही जिंकता, 4,000 ला. तुमच्या खिशातून शेवटचा रुपया काढला गेला आणि तुम्हाला अभिनंदनाचा ईमेल आला.

म्हणून बोली लावण्याआधी बिड हिस्टरी उघडायची, हे पहिलं काम. ईबेवर बोलींच्या आकड्यावर क्लिक केलं की यादी येते, नावं झाकलेली असतात पण त्या झाकलेल्या नावावर क्लिक केलं की त्या खात्याचा 30 दिवसांचा हिशोब मिळतो, किती बोली लावल्या, किती वस्तूंवर, किती वेळा मागे घेतल्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्या एकूण बोलींपैकी किती टक्के याच विक्रेत्याकडे आहेत. हा टक्का बघा. नवीन खातं, फीडबॅक नाही, 90-100 टक्के बोली एकाच विक्रेत्याच्या मालावर, आणि मागे घेतलेल्या बोली बऱ्याच, हे सगळं एकत्र दिसलं तर मी त्या लिलावात थांबत नाही. एकटा टक्का मात्र पुरावा नाही हां, हेही सांगतो, कारण एखादा माणूस एकाच विश्वासू डीलरकडून शिवराई जमवत असेल तर त्याचा पण टक्का जास्तच येणार. फरक कुठं कळतो तर खरा संग्राहक कधीतरी जिंकतो. डमी जिंकत नाही, आणि चुकून जिंकला तर तीच वस्तू आठवड्याभरात त्याच फोटोसकट परत लिस्टिंगला येते, "आधीच्या खरेदीदाराने पैसे दिले नाहीत" असं लिहून. त्या विक्रेत्याचे संपलेले लिलाव पण बघा, तेच झाकलेलं नाव पाच लिलावांत दुसऱ्या नंबरला दिसलं तर अजून काय पाहिजे. आणखी एक खूण म्हणजे डमी शेवटच्या मिनिटांत येत नाही, कारण तेव्हा आला तर माल त्याच्याच गळ्यात पडायची भीती. तो आपलं काम मधल्या काळात उरकतो.

शेवटच्या दहा सेकंदात येऊन बोली मारणारा, ज्याला स्नायपिंग म्हणतात, त्याच्यावर लोक फार चिडतात. मला ते बरोबर वाटत नाही. तो लबाडी करत नाहीये, त्याने खरा आकडा टाकलाय, पैसे देणार आहे, फक्त उशिरा आलाय. ईबेच्या नियमात पण ते चालतं. उलट डमीवर हाच एक चांगला उपाय आहे, कारण तुमचा आकडा दोन दिवस तिथं पडून राहिला तर चाचपायला दोन दिवस मिळतात, शेवटच्या क्षणी टाकला तर डमीला वेळच उरत नाही. नेट आपल्याकडे कसं चालतं माहीत आहे, पावसाळ्यात तर टॉवरच जातो, म्हणून अगदी शेवटच्या सेकंदाच्या नादी लागू नका, मिनिटभर आधी टाका.

पण हे सगळं करण्याआधी आकडा ठरवा, आणि मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच. डमीचं सगळं राजकारण एका गोष्टीवर चालतं, दुसऱ्याची बोली बघून तुम्ही आपली बोली वाढवता. त्याने 2,000 लावले म्हणजे वस्तू 2,000 ची असणारच असं तुम्ही धरून चालता. तसं धरू नका. वस्तूचा भाव बाहेर शोधायचा, त्याच लिलावाच्या पानावर नाही. तशाच वस्तू मागच्या दोन-तीन महिन्यांत कितीला विकल्या गेल्या ते "सोल्ड" फिल्टर लावून बघा, मागितलेली किंमत नाही, विकली गेलेली. दोन-तीन डीलरना फोन करा. त्यात कुरिअर, परदेशातून येणार असेल तर कस्टम ड्युटी, हे धरा आणि मग जो आकडा येईल तो वहीत लिहा. तेवढाच टाका, एकदाच टाका. नंतर कोणी वर गेला तर जाऊ दे. 4,000 हा तुमचा विचार करून काढलेला आकडा असेल तर डमीने तुम्हाला 4,000 पर्यंत नेलं तरी तुम्ही जास्त दिले पण परवडण्याच्या बाहेर नाही दिले. रात्री अकराला चिडून टाकलेले 5,500 मात्र सगळे त्याचेच.

विक्रेत्याची गोष्ट वाचून पण भुलू नका. 2000 साली ईबेवर एक मोठं प्रकरण झालं होतं. एका अमेरिकन विक्रेत्याने एक अमूर्त पेंटिंग लावलं, लिहिलं असं की मला चित्रांतलं काही कळत नाही, आणि सही अशी दिसेल असे फोटो टाकले की लोकांना वाटावं हे रिचर्ड डायबेनकॉर्न या नामांकित चित्रकाराचं आहे आणि विकणाऱ्याला पत्ताच नाही. 25 सेंटला सुरू झालेली बोली 1,35,805 डॉलरवर गेली. नंतर कळलं की तो आणि त्याचे साथीदार खोट्या खात्यांवरून एकमेकांच्या लिलावात बोल्या लावत होते, ईबेने विक्री रद्द केली आणि 2001 मध्ये तिघांवर अमेरिकेत फेडरल खटला झाला. आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या कपड्यात येते, "आजोबांच्या ट्रंकेत सापडलंय, मला काय ते माहीत नाही, जाणकारांनी बघावं". एखाद्याचं खरं पण असेल. पण त्या गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागायचे आणि त्याचेच पैसे द्यायचे.

कायद्यात याला जागा आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. आपला माल विक्री कायदा 1930 चा आहे, त्यातलं कलम 64 पूर्ण लिलावाबद्दल आहे. त्यात सरळ लिहिलंय की विकणाऱ्याने स्वतः बोली लावायचा हक्क आधी उघडपणे राखून ठेवला नसेल तर त्याने स्वतः किंवा माणूस लावून बोली लावायची नाही, आणि भाव चढवायला लटकी बोली लावली असेल तर खरेदीदाराला तो सौदा रद्द करता येतो. राखीव किंमत, म्हणजे याच्या खाली विकणार नाही असा आकडा, ठेवणं गुन्हा नाही, ती आहे हे उघड सांगितलं की झालं. ईबेचा स्वतःचा नियम तर आणखी कडक आहे, विक्रेत्याच्या घरच्यांनी, रूममेटने, नोकराने खरंच वस्तू हवी असली तरी बोली लावायची नाही.

आता तुम्ही विकणारे असाल तर, सावंतवाडीची लाकडी खेळणी असोत, गंजिफा म्हणजे ते रंगवलेले गोल पत्ते असोत की जुनी पोस्टाची तिकिटं, तुमच्यावर पण एक डाव पडतो. दोन खाती, माणूस एकच किंवा दोघे मित्र. पहिलं खातं 300 ची बोली लावतं, दुसरं एकदम 9,000 ची. आता 9,000 चा आकडा कोण ओलांडणार, खरे गिऱ्हाईक निघून जातात. मग 9,000 वाला ऐनवेळी बोली मागे घेतो आणि वस्तू 300 वाल्याला मिळते. हे वाढलं म्हणून ईबेने नियम केला की लिलावाचे शेवटचे 12 तास उरले की फक्त शेवटची बोली, ती पण लावल्यापासून तासाभरातच मागे घेता येते. मग लोकांनी पुढची वाट काढली, मागे घेत नाहीत, जिंकतात आणि पैसेच देत नाहीत, म्हणजे विक्रेता कंटाळून खालच्या बोलीवाल्याला माल देतो. देऊ नका. संशय आला की लिलाव चालू असतानाच ती बोली रद्द करा आणि खातं ब्लॉक करा, विक्रेत्याला तो अधिकार असतो, आणि पैसे बुडवलेले असतील तर खालच्याला पटकन ऑफर पाठवण्यापेक्षा परत नव्याने लिलाव लावा.

लिलाव हरल्यावर दोन दिवसांनी मेसेज येतो, "जिंकणाऱ्याने पैसे दिले नाहीत, तुम्हाला तुमच्या बोलीला देतो". सेकंड चान्स ऑफर ही ईबेची खरी सोय आहे, पण तिच्या नावाने खोटे ईमेल पण येतात. ओळखायचं सोपं आहे, ईमेलमधल्या लिंकवर जायचं नाही, आपण आपलं खातं उघडून तिथल्या मेसेजमध्ये ती ऑफर आहे का बघायची. नसेल तर खोटी. आणि असली तरी आधी हिस्टरी बघा, तुमच्यावर गेलेला तो "विजेता" डमी होता का, कारण डमी चुकून जिंकला की विक्रेता हेच करतो. तसा असेल तर डमी येण्याआधी भाव जिथं होता तेवढेच देतो म्हणून सांगा. चालू लिलावात कोणी त्रयस्थ बाहेरून व्हॉट्सॅपवर आला, "तीच वस्तू माझ्याकडे आहे, स्वस्तात देतो, जीपे करा", तर उत्तर पण देऊ नका, साइटच्या बाहेर गेलात की साइटचं संरक्षण संपलं.

ईबेची भारतातली साइट, ईबे इंडिया, 2018 च्या ऑगस्टमध्ये बंद झाली, त्यानंतर आपल्याकडचे छोटे लिलाव बरेचसे फेसबुक आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर गेलेत. तिथं नियम तुम्हालाच विचारून घ्यावे लागतात. बंद व्हायची वेळ नक्की किती, कोणाचं घड्याळ, ॲडमिन किंवा त्याचे लोक बोली लावतात का, राखीव किंमत आहे का. व्हॉट्सॅपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटं एडिट करता येतो, म्हणून बोलीच्या मेसेजखाली "एडिट केलेला" असं दिसलं तर ती बोली धरायची नाही असं आधीच ठरवून घ्या, आणि डिलीट केलेली बोली पण रद्द नाही तर बाद, म्हणजे त्या माणसाने पुढे बोलायचं नाही. दर काही बोलींनी स्क्रीनशॉट काढा. कोणी दर लिलावात चढवतो आणि कधीच माल उचलत नाही हे छोट्या ग्रुपात महिन्याभरात लक्षात येतं, फक्त नोंद ठेवायला हवी. प्रत्येक बोलीला पैसे कापणाऱ्या ज्या साइट असतात, दहा रुपयांत मोबाइल वगैरे, तिकडे जाऊच नका, हरलात तरी बोलीचे पैसे गेलेले असतात आणि समोर माणूस आहे की मशीन हे कळायला मार्ग नाही.

गाडी आणि बँकेच्या मालमत्तेचा प्रकार वेगळा. इथं भाव चढवणाऱ्यापेक्षा भाव पाडणारे जास्त, म्हणजे रिंग. चार-पाच डीलर आधीच ठरवतात की या यार्डातली पिकअप तुझी, ती छोटा हत्ती माझी, एकमेकांच्या वर बोलायचं नाही, नंतर आपसात वाटून घेऊ. स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 मध्ये असं संगनमत बेकायदा आहे. तुमच्यासारखा एकटा बाहेरचा आला की रिंगवाले दोन गोष्टी करतात, एकतर "गाडीत दम नाही, इंजिन बसलंय" असं सांगून परतवतात, नाहीतर पुढच्या वेळी यायची हिंमत होऊ नये म्हणून तुम्हाला मुद्दाम वर नेऊन सोडतात. म्हणून त्यांचं ऐकून ना घाबरायचं ना चेव आणायचा, आपला मेकॅनिक घेऊन जायचं. आणि कोकणातली गाडी असेल तर खाली झोपून चासी बघा, खाऱ्या हवेने आणि मासळीच्या पाण्याने आतून खाल्लेली असते आणि वरून काळा रंग मारलेला असतो, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, पापुद्रा निघाला तर तो खर्च आकड्यातून वजा करा. परिवहनच्या साइटवर चलन, टॅक्स, कर्जाचा बोजा तपासा, फॉर्म 35 (कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म) आणि एनओसी (ना-हरकत दाखला) कोण देणार ते लेखी घ्या.

बँकेच्या ई-लिलावात बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे स्नायपिंगचा उपयोग नाही, तिथं फक्त ठरवलेला आकडाच कामाचा. सरफेसी कायदा 2002, म्हणजे कर्ज थकलं की बँकेला तारण विकू देणारा कायदा, त्याखाली घर-जमिनीचा लिलाव जिंकलात तर अनामत धरून 25 टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावे लागतात, उरलेले विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत, लेखी मुदत मिळाली तरी तीन महिन्यांच्या पलीकडे नाही, आणि चुकलात तर भरलेले पैसे जप्त. म्हणजे इथं चेवात लावलेली बोली माणसाला बुडवू शकते, होमलोन मिळेल असं धरून जाऊ नका, आधी मंजूर करून घ्या. सरकारी बँकांच्या लिलावासाठी बँकनेट पोर्टल आहे, खोट्या साइट हुबेहूब नावाच्या निघतात, म्हणून पेपरातली विक्री नोटीस हातात घेऊन शाखेत फोन करा आणि अनामत फक्त त्या नोटिशीत दिलेल्या खात्यावर भरा. कुणा एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही.

एक प्रकार लिलावच नसतो, पण आपल्या गावागावांत म्हाताऱ्या माणसांना त्याचे फोन येतात म्हणून सांगतो. "तुमच्या ट्रॅक्टरच्या पाचच्या नोटेला लिलावात लाखाची बोली आलीय", आणि मग नोंदणी फी, जीएसटी, रिझर्व्ह बँकेचं कमिशन. रिझर्व्ह बँक असा धंदा करत नाही, कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, हे तिने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलंय. पैसे मिळण्यासाठी आधी पैसे भरा म्हणणारा खोटा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. घरातल्या आजी-आजोबांना हे दोन वाक्यांत सांगून ठेवा. आणि खरंच 100 वर्षांहून जुनं नाणं असेल तर ते परदेशी गिऱ्हाईकाला पाठवायला 1972 च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे, बोली कितीही मोठी आली तरी.

फसवले गेलात असं वाटलं तर पहिल्या तासात तीन गोष्टी करा. लिस्टिंगचा नंबर, पूर्ण बिड हिस्टरी आणि विक्रेत्याशी झालेलं बोलणं यांचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असे, कारण लिस्टिंग गायब व्हायला वेळ लागत नाही. मग साइटकडे रिपोर्ट, त्यात नुसतं "फसवणूक झाली" न लिहिता कोणत्या खात्याने किती वाजता कितीची बोली लावली आणि मागे घेतली हे ओळीने लिहा, तसं लिहिलं तरच कोणी बघतं. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 या नंबरवर फोन, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, उशीर झाला तर रक्कम पुढच्या खात्यात सरकते आणि गोठवता येत नाही. पैसे गेले नाहीत पण डमी बोलीने भाव चढवलाय याचा पुरावा असेल तर पैसे भरण्याआधीच विक्रेत्याला लेखी कळवा की कलम 64 खाली सौदा रद्द करतोय, आणि तो ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर, तिथं मराठीतून बोलता येतं.